जिल्ह्यात तालुके अकरा, माझ्या तक्त्यात बारा

पोवईनाका | मंगळवार, रात्री ९.५०

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितोय.

साताऱ्यातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी बघतो. संस्थेचं नाव विचारू नका, शाखा जिल्हाभर आहेत एवढं पुरे. मागे पोस्टग्रेस १२ हा डेटाबेस, पुढे पायथनमधलं वेब ॲप. सांभाळणारे आम्ही दोघं. त्यातला एक गौरी-गणपतीला गावी गेला तो अजून परतलेला नाही. म्हणजे मीच.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी, त्यामुळे अहवालाचा मजकूर गुरुवारी सकाळी छापखान्यात जायचाय. त्यात दरवर्षी तालुकावार सभासदसंख्येचा एक तक्ता असतो. सातारा, कऱ्हाड, पाटण, कोरेगाव, वाई, जावळी, महाबळेश्वर, खंडाळा, फलटण, माण, खटाव. अकरा. तिसरीच्या भूगोलात पाठ केलेलं आहे, चुकायचा प्रश्न नाही. माझ्या तक्त्यात ओळी बारा आल्यात. कऱ्हाड दोनदा आहे. एकात ४,१०६ सभासद, दुसऱ्यात १,२७८.

व्यवस्थापक साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून प्रिंट बघितली आणि शांतपणे विचारलं, "कऱ्हाडचं विभाजन कधी झालं म्हणायचं?" तेव्हापासून चहा गोड लागेना.

काय काय केलं ते सांगतो. नावाच्या आगेमागे असलेल्या स्पेस काढणारं ट्रिम लावून पाहिलं, ओळी बाराच. दोन्ही नावं नोटपॅडमध्ये शेजारी ठेवून चारपट मोठी करून बघितली, केसाचाही फरक नाही. फॉन्ट बदलले, तरी जुळी भावंडंच. तालुका मास्टरमध्ये, म्हणजे तालुक्यांच्या मूळ यादीत, एकच नाव दोनदा येऊ न देणारा युनिक इंडेक्स आहे, तरी दोन ओळी सुखाने नांदतायत. सर्चमध्ये कऱ्हाड टाइप केलं की फक्त १,२७८ वाले येतात, आणि तेच मुख्य शाखेतल्या क्लार्क ताईंनी टाइप केलं की ४,१०६ वाले येतात. तोच कॉम्प्युटर, तीच खुर्ची! माझ्या बोटांत काही दोष आहे का?

हाताने दोन्ही आकडे मिळवून तक्ता देता येईल हो. पण मूळ दुखणं काय ते कळल्याशिवाय झोप नाही लागायची.

विटेकर_नेटवर्क | मंगळवार, रात्री १०.०५

ट्रिमने फक्त साधी स्पेस जाते. वेबवरून कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरात १६० नंबरची न तुटणारी स्पेस येते, ती ट्रिमला दिसत नाही. आमच्याकडे आटपाडीच्या एका दुकानाच्या स्टॉकमध्ये तेच निघालं होतं. रिप्लेस मारा आणि झोपा.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०.२०

सरळ कराड लिहायचं की राव. आम्ही इथलेच, बोलताना कराडच म्हणतो. तो अर्धा र कुणी घातलाय मधे?

पोवईनाका | मंगळवार, रात्री १०.३२

विटेकर, १६० तपासला. नाही.

कृष्णाकाठ दादा, गेल्या वर्षी एका पानावर कराड आणि एका पानावर कऱ्हाड छापलं गेलं होतं. सभेत लाभांशावर कुणी ब्र काढला नाही, पण या विषयावर वीस मिनिटं माईक एकाच सभासदाच्या हातात होता. संचालक मंडळाने ठराव करून कऱ्हाड ठरवलंय. आता माझ्या हातात काही नाही.

हळदपेठ_सांगली | मंगळवार, रात्री १०.४८

तुमच्या बोटांत दोष नाही, दोघांच्या टाइप करायच्या पद्धतीत फरक आहे. दोन गोष्टी करून सांगा. एक, दोन्ही नावांची लेंग्थ, म्हणजे कॅरेक्टर किती, ते काढा. दोन, नोटपॅडमध्ये दोन्ही नावांच्या शेवटी कर्सर ठेवून एकेक बॅकस्पेस मोजत पूर्ण नाव पुसा. किती वेळा दाबावं लागतं?

आणि तुम्ही टाइप कसं करता, क्लार्क ताई कसं करतात, तेही लिहा.

पोवईनाका | मंगळवार, रात्री ११.०२

ताई, अंगावर काटा आला. ४,१०६ वाल्या कऱ्हाडची लेंग्थ ६, १,२७८ वाल्याची ७. बॅकस्पेसही सहा आणि सात. सातवाल्यात एकदा बॅकस्पेस दाबली तेव्हा कुठलं अक्षर पुसलं गेलं नाही, नुसता र चा आकार बदलून त्याच्या पायाला हलंत आला.

मी इंग्रजी अक्षरांवरून फोनेटिक टाइप करतो. क्लार्क ताई इनस्क्रिप्टवाल्या, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवाल्या, मराठी टायपिंगची परीक्षा दिलेल्या. माझ्यासारख्यांकडे त्या जरा खालीच बघतात.

हळदपेठ_सांगली | मंगळवार, रात्री ११.३०

बघू द्या, त्यांचा हक्क आहे. त्यांचंच कऱ्हाड जास्त शुद्ध आहे.

आता नीट सांगते. युनिकोड या मानकात प्रत्येक अक्षराला आणि खुणेला एक नंबर असतो. हेक्समधले नंबर वाचायला त्रासाचे, म्हणून दशमानात देते. पायथनमध्ये ऑर्ड हे फंक्शन लावलंत की हेच मिळतील.

ताईंचं कऱ्हाड असं आहे: २३२५, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७. म्हणजे क, मग खाली टिंब असलेला ऱ, हलंत, ह, काना, ड. सहा. इनस्क्रिप्टवर साधा र जे या बटणावर आहे आणि शिफ्ट धरून जे दाबलं की टिंबवाला ऱ येतो. टायपिंगच्या क्लासात शिकवतात तो हाच.

तुमचं कऱ्हाड: २३२५, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३६६, २३३७. क, साधा र, हलंत, मग ८२०५, मग ह, काना, ड. तो ८२०५ म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. त्याला रुंदी नाही, शाई नाही. शेजारच्या अक्षरांनी कसं जोडायचं एवढंच तो फॉन्टला सांगतो. र आणि हलंतापुढे नुसता ह आला असता तर फॉन्टने रफार काढून हा च्या डोक्यावर बसवला असता. मधे जॉइनर आला की तो रफार न देता हा आडवा र काढतो. तुम्ही बॅकस्पेसने पुसलात तो जॉइनर.

दोन रस्ते का, तर जुना वारसा. आपल्याकडे आधी इस्की हे भारतीय लिप्यांच्या कोडचं मानक होतं, भारतीय मानक १३१९४, साल १९९१. त्यात आडवा र टिंबवाल्या ऱ पासून बनायचा. युनिकोडने ते घेतलं, पण १९९६ च्या २.० आवृत्तीतली जॉइनरवाली पद्धतही सुसंगततेसाठी चालू ठेवली. म्हणून फॉन्टला दोन्ही चालतात, तो दोन्हींचं चित्र एकच काढतो. पोस्टग्रेस चित्र बघत नाही, बाइट बघतो. देवनागरीचं एकेक कॅरेक्टर यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं, जॉइनरही तीनच बाइटचा. एक नाव १८ बाइट, दुसरं २१. युनिक इंडेक्सच्या लेखी ही वाई आणि फलटणएवढी वेगळी नावं.

हिंदीला हा र लागत नाही. नेपाळीत आहे, मराठीत आहे. भारतीय भाषा चालतात असं लिहिलेलं सॉफ्टवेअर बहुतेक हिंदी वाक्यांवर तपासलेलं असतं. मी टेस्टर आहे, माझ्या टेस्ट डेटात पहिला शब्द गुऱ्हाळ असतो. अर्धी सॉफ्टवेअरं तिथेच घसरतात.

झटपट_०२१६२ | मंगळवार, रात्री ११.४१

एवढं पुराण कशाला, ८२०५ सगळीकडून उडवा. एका ओळीचा रिप्लेस आहे. काम फत्ते.

हळदपेठ_सांगली | मंगळवार, रात्री ११.४३

थांबा! उडवू नका. निदान चालू डेटाबेसवर तरी नको.

पोवईनाका | बुधवार, सकाळी ७.१५

ताई, तुमचा मेसेज वाचायच्या आत मी ते केलं होतं. चालू डेटाबेसवर नाही, कॉपीवर, तेवढी अक्कल शिल्लक होती.

तालुके बाराच राहिले, कारण माझं कऱ्हाड आता कर्हाड झालं, रफार हा च्या डोक्यावर. पण खरी गंमत पुढे. जिथे जिथे फोनेटिकवाल्यांनी टाइप केलं होतं तिथली सगळी आडवी र उभी राहिली. साताऱ्यात चं सातार्यात. आमच्या शहराचं नाव विभक्ती लागली की बिघडतं, हे पहिल्यांदा जाणवलं. एका कर्जप्रकरणात जमिनीच्या वर्णनात दऱ्या होत्या, त्यांचा दर्या झाला; म्हणजे पाटण तालुक्यात समुद्र आला. आणि खर्चाच्या व्हाउचरमध्ये गेल्या सभेच्या जेवणाचं होतं, आचाऱ्याला ॲडव्हान्स. ते आता आचार्याला ॲडव्हान्स असं दिसतंय. ऑडिटरने वाचलं तर संस्था धार्मिक कार्याला पैसे वाटते असं वाटायचं.

कॉपी टाकून दिली. आता सांगा कसं करू.

हळदपेठ_सांगली | बुधवार, सकाळी ८.२०

हसून हसून चहा सांडला.

जॉइनर एकटा कधी काढायचा नाही. तिघांची जोडी शोधायची: र, हलंत, जॉइनर, म्हणजे २३५२, २३८१, ८२०५. तिच्या जागी दोघं ठेवायचे: २३५३, २३८१. इतरत्र जॉइनर असेल तर त्याला हात लावू नका, कुणी मुद्दाम अर्धं अक्षर दाखवायला घातलेला असू शकतो. आणि ८२०४ दिसला तर तोही राहू द्या, तो जोडाक्षर होऊ न देणारा त्याचा भाऊ.

पण त्याआधी एक करा. रिपोर्ट फक्त चालू सभासदांचा आहे ना? पूर्ण टेबलवर, बंद खाती धरून, तालुक्यांची वेगवेगळी नावं मोजा.

पोवईनाका | बुधवार, सकाळी ९.०५

तेरा.

तिसरं कऱ्हाड सापडलं. फक्त बंद खात्यांत, ३४० ओळी. लेंग्थ ७, म्हणून मला वाटलं माझ्यासारखंच. ऑर्ड लावलं तर ८२०५ नाहीच. २३२५, २३५२, २३६४, २३८१ आणि पुढे नेहमीचे तीन.

हळदपेठ_सांगली | बुधवार, सकाळी ९.२०

२३६४ म्हणजे नुक्ता. साधा र आणि त्याखाली वेगळं टिंब. हा डेटा जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टरने आणलेला असणार.

हा प्रकार सोपा. साधा र अधिक नुक्ता आणि टिंबवाला ऱ हे युनिकोडच्या नियमाने एकच, त्यामुळे एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे अशी समान रूपं एका रूपात आणणं, केलं की दोन्हींचा २३५३ होतो. जॉइनरवाला मात्र नॉर्मलायझेशनने सुटत नाही, कारण नियमाने ती वेगळी अक्षरं आहेत, फक्त दिसायला सारखी. म्हणून दोन पायऱ्या: आधी एनएफसी, मग तिघांच्या जागी दोघं.

पोवईनाका | बुधवार, सकाळी १०.१०

बरोबर ओळखलंत, ती खाती २००९ च्या कन्व्हर्जनमधली.

पोस्टग्रेसमध्ये नॉर्मलाइझ फंक्शन शोधलं तर असं फंक्शनच नाही म्हणतो. ते १३ पासून आलंय, आम्ही १२ वर. अपग्रेड करू करू म्हणत दोन दिवाळ्या गेल्या. पायथनमधल्या युनिकोडडेटाने करतो.

जुना_डीबीए_मिरज | बुधवार, दुपारी १२.४०

उशिरा वाचलं. निदान हळदपेठ यांनी नेमकं केलं आहे, त्यात भर घालण्यासारखं नाही. पण मला वेगळंच खटकतं. सभासदाच्या ओळीत तालुक्याचं नाव साठवलंय की मास्टरचा नंबर? नंबर असेल तर मास्टरमध्ये दुसरं कऱ्हाड घुसलं कुठून? क्लार्क काही मास्टरमध्ये तालुके वाढवत बसत नाही.

पोवईनाका | बुधवार, दुपारी १.०५

सर, बरोबर नस दाबलीत.

नंबरच साठवतो. शाखांकडून नव्या सभासदांचं एक्सेल येतं, इम्पोर्ट त्यातलं तालुक्याचं नाव मास्टरमध्ये शोधतो, आणि नाव सापडलं नाही तर मास्टरमध्ये नवी ओळ तयार करून पुढे जातो. हे मीच लिहिलंय, २०१९ मध्ये. शाखेचं काम अडू नये म्हणून. तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

जुना_डीबीए_मिरज | बुधवार, दुपारी १.२०

सातारा जिल्ह्यात तालुका तयार करायचा अधिकार राज्य शासनाला आहे, तुमच्या इम्पोर्टला नाही. इम्पोर्टमधली ती ओळ आजच काढा. नाव सापडलं नाही तर एक्सेल परत पाठवा, चूक कुठल्या ओळीत ते सांगून. शाखा दोन दिवस कुरकुर करतील, मग सवय होते. आणि शाखेच्या एक्सेलमध्ये नाव लिहायला न लावता यादीतून निवडायला द्या, सोबत कोडचा रकाना ठेवा. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत प्रत्येक तालुक्याला कोड आहे, तोच वापरा, स्वतःचा बनवू नका. पिनकोडवर तालुका ठरवायचा मोह होईल, तो टाळा. पिनकोड टपालाच्या सोयीचा, तालुक्याची हद्द तो मानत नाही.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १.५०

मी म्हटलंच होतं कराड लिहा. काना, र, सगळं सरळ. कुठला जॉइनर आणि कुठला नुक्ता.

पोवईनाका | बुधवार, दुपारी १.५८

दादा, साताऱ्याचं काय करू? तेही बदलून देता का?

पोवईनाका | बुधवार, रात्री ११.२०

झालं. क्रमाने लिहितो, कुणाला पुढे लागलं तर.

आधी पूर्ण बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या मशीनवर परत उभा करून पाहिला. मराठी मजकुराचे रकाने ठरवले: नाव, पत्ता, गाव, तालुका, व्हाउचरचा तपशील. पायथनने प्रत्येक ओळ काढून एनएफसी, मग तिघांच्या जागी दोघं, आणि बदल झाला असेल तरच परत लिहिली. जुनं आणि नवं दोन्ही एका वेगळ्या टेबलात ठेवलं, उद्या कुणी भांडायला आलं तर दाखवायला. मग मास्टरमधल्या तीन कऱ्हाडांचे सभासद एका नंबरावर आणले आणि उरलेल्या दोन ओळी काढल्या. चालू सभासद ५,३८४, कागदावर बेरीज करून ताळा घेतला.

इम्पोर्टमधली २०१९ ची हुशारी काढली. साफसफाईचं तेच फंक्शन आता सेव्ह करताना आणि सर्चच्या खोक्यात, दोन्हीकडे लावलंय. सर्चचं आधी सुचलं नव्हतं. डेटा शुद्ध करून ठेवला आणि मी फोनेटिकने कऱ्हाड शोधलं, तर शून्य सभासद! एक मिनिट छातीत धस्स झालं. शोधणाऱ्याचा शब्दही त्याच साच्यातून काढावा लागतो.

क्लार्क ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणून म्हणते इनस्क्रिप्ट शिका." एवढंच.

हळदपेठ_सांगली | गुरुवार, सकाळी ८.४०

छान. आता खूश आहात तोवर एक वाईट बातमी. तुमच्या सभासदांत वकील असतील ना? ॲड. ने सुरू होणारी नावं काढा.

पोवईनाका | गुरुवार, सकाळी ९.१०

ताई, नका हो. वकील दोन ठिकाणी विभागलेत. यादीत ३१ एकीकडे आणि ४४ दुसरीकडे.

हळदपेठ_सांगली | गुरुवार, सकाळी ९.२५

एक ॲ अखंड आहे, २४१८. तो युनिकोडमध्ये २००८ ला, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी लोक अ वर वेगळी चंद्रकोर देऊन काम भागवायचे, २३०९ अधिक २३७३, असं: अॅ. अजूनही कित्येक कीबोर्ड तेच देतात. या दोघांना नॉर्मलायझेशन एक मानत नाही, त्यामुळे इथेही हाताने जोडी बदलायची. तीच गत ऑ ची, आ वर चंद्रकोर दिलेला वेगळा. ऑफिस शोधून बघा.

पण आज नको. आधी अहवाल द्या.

विटेकर_नेटवर्क | गुरुवार, सकाळी ११.३०

माझी १६० ची स्पेस एकदम बिचारी वाटायला लागली यापुढे.

पोवईनाका | शनिवार, सायंकाळी ६.१०

शेवटचं कळवतो आणि धागा सोडतो.

अहवाल गुरुवारीच दिला. तक्त्यात ओळी अकरा, साहेबांनी मोजून सही केली. दुपारी छापखान्यातून फोन, "साहेब, तुमच्या फाइलीत नुसते चौकोन दिसतायत." त्यांचं डीटीपी अजून जुन्या फॉन्टवर चालतं, युनिकोड त्यात उघडतच नाही. मी म्हटलं पीडीएफ देतो, ते म्हणाले मग आकार जमणार नाही, राहू द्या, आमचा मुलगा टाइप करून घेईल.

आज प्रूफ आलं. अकरा तालुके, आकडे सगळे बरोबर. कऱ्हाडला रफार दिलाय.

लाल पेनाने गोल करून परत पाठवलंय.